सियाचीनमध्ये ईसीजी काढायचा कसा?

परवा ओळखीतला एक फौजी सुट्टीवर आला होता. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट. मी वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करतो, त्यामुळे गप्पा लगेच टेलिमेडिसिनच्या पेटीवर घसरल्या.

पेटीत ईसीजी, ऑक्सिमीटर, बीपीचं यंत्र, कधी हातात मावणारा सोनोग्राफी प्रोब. उपग्रहामार्फत रीडिंग थेट दूरच्या लष्करी डॉक्टरांपुढे. सियाचीनमध्ये ही सोय इस्रोच्या मदतीने झाली आहे.

बटणं कुणीही शिकतो. खरी शिकवणी थंडीची!

गारठलेल्या बोटात रक्त कमी पोचतं आणि ऑक्सिमीटर वाट्टेल तो आकडा दाखवतो. आधी हात उबदार करा, मग क्लिप लावा. (हिमदंशाची शंका असेल तर बोट चोळायचं मात्र नाही.) जवान कुडकुडत असला की ईसीजीची रेघही थरथरते, त्याला पांघरूण घालून पुन्हा काढायचा. जास्तीची बॅटरी कोटाच्या आत, अंगालगत.

आणि लिंक तुटली तर? उंचीमुळे फुप्फुसात पाणी साचलेल्या जवानाला ऑक्सिजन लावायचा, खाली न्यायची तयारी करायची. स्क्रीनकडे बघत बसायचं नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त सराव याचाच हवा.

उपकरणांबद्दल काहीही विचारा, कमेंटमध्ये सांगतो. तैनातीबद्दल मात्र नको.