खटपट्या माणसाला काय हवे असते?



प्रत्येक गावात एखादा खटपट्या असतोच. भडगाव भागात कपाशीच्या शेतात सायकलीच्या चाकाचे कोळपे चालताना तुम्ही पाहिले असेल. जुनी सायकल मोडून ते पहिल्याने कोणी जोडले, हे कोणी विचारीत नाही. घरची माणसे मात्र म्हणतात, "याला दुसरा उद्योग नाही!" असा माणूस पैशासाठी खपतो की आणखी कशासाठी?

संगणकाच्या जगातही असे खटपटे आहेत. त्यांना हॅकर म्हणतात. वर्तमानपत्रात हा शब्द चोरासाठी येतो, पण मुळात तो उघडून पाहणाऱ्या आणि सुधारणाऱ्या कारागिराचा आहे. ही मंडळी आपली कृती झाकून ठेवीत नाहीत. ती कोणीही पाहावी, बदलावी, वापरावी. याला ओपन सोर्स म्हणतात. तुमच्या अँड्रॉइड मोबाईलच्या मुळाशी असलेले लिनक्स 1991 साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने असेच सुरू केले. आता अशा कामांवर रोख बक्षिसेही लागतात : ही अडचण सोडवा, एवढी रक्कम घ्या.

अमेरिकेतील प्राध्यापक डोनाल्ड कनूथ आपल्या पुस्तकातील चूक दाखवणाऱ्याला 2.56 डॉलरचा चेक पाठवीत. अनेकांनी तो वटवलाच नाही, चौकटीत बसवून भिंतीवर लावला! पैशापेक्षा 'तुझे बरोबर आहे' ही जाणत्याची पावती त्यांना मोठी वाटली.

आपल्या देशात असे बक्षीस फार पूर्वी लागले होते. 1929 साली गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपये जाहीर केले. अटी कडक होत्या. किंमत दीडशे रुपयांच्या आत, आठ तासांत 16,000 फूट सूत, वीस वर्षे टिकाऊपणा. शिवाय बक्षीस हवे तर पेटंटचे हक्क संघाच्या स्वाधीन करायचे, म्हणजे यंत्र सर्वांचे. किर्लोस्करवाडीहून श्री. काळे यांचे यंत्र स्पर्धेत उतरले. पण सर्व अटी कोणाच्याच यंत्राने पुऱ्या केल्या नाहीत, आणि लाख रुपये कोणालाच मिळाले नाहीत. पुढे तामिळनाडूचे एकांबरनाथन यांनी स्वतःच्या खटपटीने नवा चरखा बनवला. त्यांच्याच नावावरून तो 'अंबर चरखा' म्हणून देशभर गेला. तेव्हा लाखाचे बक्षीस उरले नव्हते, पण गरज उरली होती.

आपल्या राज्यातले दादाजी खोब्रागडे आठवा. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे हे अल्पभूधारक शेतकरी. 1983 साली भातात वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी निवडून वर्षानुवर्षे जोपासल्या. त्यातून 'एचएमटी' भात आला. बियाणे त्यांनी गावोगाव जाऊ दिले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार 2005 मध्ये मिळाला. बक्षीस कामाच्या मागून आले, पुढून नाही. 2018 साली ते वारले, भात मात्र पिकतोच आहे.

म्हणून पैसा नको, असे समजू नका. लोखंड, वेल्डिंग, बुडालेली मजुरी यांना पैसा लागतोच. गरिबाची खटपट बहुधा तिथेच अडते. आणि शेवटी एकालाच मिळणाऱ्या बक्षिसात बाकीच्यांचा खर्च अंगावर पडतो. संगणकवाल्यांचीही हीच अडचण आहे.

माझ्या नोकरीत मी असे पुष्कळ खटपटे पाहिले. "साहेब, किती मिळतील?" असे विचारणारे थोडे. "साहेब, एकदा चालवून तर बघा!" म्हणणारेच फार.

तेव्हा तुमच्या शेतकरी गटाने कोळपे, टोकणयंत्र किंवा फवारणीच्या सोयीसाठी बक्षीस लावायचे ठरवले तर एवढे करा. सामानाचा खर्च आधी द्या. अटी शेतात चालतील अशाच ठेवा. जिंकलेले अवजार सर्वांना बनवू द्या, पण त्याला करणाऱ्याचे नाव द्या. आणि तुमच्याच घरात असा कोणी असेल, तर आज संध्याकाळी त्याचे यंत्र स्वतः चालवून पाहा. पहिले बक्षीस घरातूनच मिळू द्या.