जावा ॲप सर्व्हरवर टाकलं, पण मोबाईलवर उघडत नाही? आधी एरर वाचा

लॅपटॉपवर लोकलहोस्टला मस्त चालणारं जावा वेब ॲप क्लाउड सर्व्हरवर टाकलं, की मोबाईलवर उघडतच नाही. फायनल इयरचा डेमो उद्यावर आला की मला असे मेसेज हमखास येतात. तोवर बिचाऱ्यांनी कोड दहा वेळा बदललेला असतो. माझं म्हणणं एकच, कोडला हात लावायच्या आधी एरर नीट वाचा.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसलं तर ती तशी बरी बातमी. बहुतेक वेळा याचा अर्थ, तुम्ही मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. वॉचमन भेटला, फ्लॅटला कुलूप आहे. टॉमकॅट सुरू आहे का बघा. त्याचा डिफॉल्ट पोर्ट ८०८० असतो. पत्त्यात तो लिहिला नाही तर साध्या एचटीटीपीला ब्राउझर ८० वर जातो.

वाइल्डफ्लाय वापरत असाल तर आणखी एक गंमत आहे. तो डिफॉल्टने फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवरून आलेल्या कनेक्शनला उत्तर देतो. सर्व्हरवर लॉगिन करून तपासलं तर सगळं ठीक, बाहेरून मात्र शून्य! सुरू करताना बाइंड ॲड्रेस ०.०.०.० द्या, की बाहेरूनही चालेल. फक्त ९९९० हा मॅनेजमेंट पोर्ट जगासाठी उघडू नका, प्लीज. तिथून अख्खा सर्व्हर हाताळता येतो.

‘टाइम्ड आउट’चं प्रकरण वेगळं. इथे नुसतं चक्र फिरत राहतं, कारण उत्तरच येत नाही. माझा पहिला संशय फायरवॉलवर असतो. एडब्ल्यूएसवर सिक्युरिटी ग्रुपमध्ये त्या पोर्टचा इनबाउंड रूल नसेल, तर तुमची रिक्वेस्ट गुपचूप टाकून दिली जाते. सर्व्हरच्या लिनक्सची स्वतःची फायरवॉल असेल तर तीही बघा.

इथे तुमचा फोनच कामाला येतो. वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर तीच लिंक उघडा. उघडली, तर सर्व्हर ठणठणीत आहे. कॉलेजचं वायफाय तो पोर्ट अडवतंय.

आणि ४०४ आला तर? कनेक्शन झालंय हो! टॉमकॅटमध्ये वॉर फाइलचं नाव हाच पत्त्यातला पुढचा भाग होतो, आणि त्यात कॅपिटल-स्मॉल अक्षरांचाही फरक पडतो. फाइलचं नाव बघून तसंच टाइप करा.