मांसल कोंबड्यांच्या खाद्यातील वनस्पतिजन्य पूरके : उपयोग व मर्यादा

मांसासाठी वाढविलेली कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांत बाजारात जाते. एवढ्या अल्प अवधीत चार दिवसांचा आजारही पालकाचा नफा गिळून टाकतो. ह्या भीतीपोटी कळप निरोगी असतानाही खाद्यातून वा पाण्यातून प्रतिजैविके देण्याची प्रथा पडली. त्यांऐवजी हळद, लसूण, ओवा ह्यांसारखी पूरके वापरता येतील काय, असा प्रश्न कुक्कुटपालक नेहमी विचारतात.

अमेरिकेत 1950 च्या सुमारास स्टॉकस्टॅड व ज्यूक्स ह्या शास्त्रज्ञांना असे आढळले की, ऑरिओमायसिनच्या निर्मितीत उरणारा चोथा खाद्यात मिसळल्यास पिले लवकर वाढतात. तेव्हापासून ही प्रथा सर्वत्र पसरली. परंतु अल्प मात्रेत सतत औषध दिल्याने दुबळे जंतू मरतात, आणि औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरून वाढतात. मांस, विष्ठेचे खत व काम करणाऱ्यांचे हात ह्यांच्या द्वारे ते माणसांपर्यंत पोहोचतात. म्हणून स्वीडनने 1986 मध्ये व युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले. भारतातही 2019 मध्ये कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना देण्यास मनाई झाली.

वनस्पतींतील गुण त्यांच्यातील विशिष्ट द्रव्यांमुळे येतो. ओव्याच्या तेलातील थायमॉल जंतूंच्या बाह्य आवरणास इजा करते. लसूण ठेचल्यावर ॲलिसिन तयार होते. ते जंतुनाशक खरे, पण फार काळ टिकत नाही. हळदीतील कुर्क्युमिन रक्तात अल्पच शोषले जाते. त्यामुळे त्याचा प्रभाव मुख्यतः आतड्यातच संभवतो. आतडे निरोगी राहिल्यास खाद्य अंगी लागते, हाच ह्या पूरकांचा खरा लाभ होय.

मात्र पूरक म्हणजे औषध नव्हे. आजारी पक्षी खाद्य कमी खातो. तेव्हा खाद्यात मिसळलेली वस्तू, जेव्हा तिची गरज असते नेमकी तेव्हाच, त्याच्या पोटात पुरेशी जात नाही. रक्ती हगवणीने आतड्याचे अस्तर फाटले की त्या जखमांत इतर जंतू शिरतात व थोड्याच वेळात मरतूक सुरू होते. अशा वेळी हळदीवर विसंबून दोन दिवस दवडणे म्हणजे कळप गमावणे होय. मानमोडी हा तर विषाणूचा रोग. त्यावर प्रतिजैविकही चालत नाही व ओवाही चालत नाही. वेळेवर लस टोचणे वा पाजणे हाच त्यावर उपाय.

पूरक वापरावयाचे असल्यास ते पहिल्या आठवड्यापासून, कळप निरोगी असतानाच सुरू करावे. प्रयोगांतून हळदपूड पुष्कळदा किलोमागे 5 ग्रॅम ह्या प्रमाणात दिली गेली आहे. म्हणजे 100 किलो खाद्यास अर्धा किलो. ती प्रथम दोन-तीन किलो खाद्यात एकजीव करावी, मग उरलेल्या खाद्यात मिसळावी. बुरशी आलेली अथवा रंग घातलेली हळद कटाक्षाने टाळावी. अधिक दिल्याने अधिक लाभ होतो, असेही समजू नये. कडू व तुरट वस्तू जास्त झाल्यास पक्षी खाद्य सोडतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ऐकीव माहितीवर शिफारस करू नये. एकाच दिवशीच्या पिलांचे दोन सारखे भाग करून एकासच पूरक द्यावे. दर आठवड्यास दोन्ही भागांतील वजन, खाद्य व मरतूक लिहून ठेवावी. पूरकाचा खर्च वजा जाता लाभ उरला, तरच ते पुढे चालू ठेवावे.

पक्षी पंख पाडून बसले, विष्ठेत रक्त दिसले, खाद्य एकाएकी घटले, तर आजारी पक्षी वेगळे काढावेत व नुकताच मेलेला पक्षी शवपरीक्षेसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. पशुवैद्यकाने प्रतिजैविक सांगितल्यास ते ठरलेल्या मात्रेत व ठरलेले सर्व दिवस द्यावे, आणि औषध बंद केल्यानंतर सांगितलेली मुदत संपेपर्यंत पक्षी विकू नयेत.

कोरडी तुसाची गादी, स्वच्छ पाणी, मोकळी हवा व वेळेवर लस ही रोगनिवारणाची पहिली पायरी. वनस्पतिजन्य पूरक ही दुसरी. पहिली पायरी सोडून दुसरीवर उभे राहता येत नाही.