रोजनाम्यात अडकलेला आदेश

कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणे न्यायालये कशी हाताळतात, याचा अंदाज आपण बहुधा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवरून बांधतो. तिथले चित्र आशादायक आहे. सासूच्या मालकीच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क सांगता येत नाही, असे या न्यायालयाने २००६ साली म्हटले होते. ते मत १५ ऑक्टोबर २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने रद्द ठरवले. छळ करणारी व्यक्ती प्रौढ पुरुषच असली पाहिजे, ही अट २०१६ मध्ये गेली. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल जोडला नाही म्हणून अर्ज अडवता येणार नाही, हे मे २०२२ मध्ये स्पष्ट झाले.

पण मार खाऊन घराबाहेर पडलेली बाई दिल्लीला जात नाही. ती तालुक्याला, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभी राहते. न्यायालयांची पारख करायची तर तिच्या प्रकरणाचा रोजनामा वाचला पाहिजे.

२६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा घाईचाच आहे. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत, पुढे साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न. कलम २३ नुसार तर तिच्या नुसत्या शपथपत्रावर, सामनेवाल्याची वाट न पाहता, अंतरिम आदेश देता येतो.

आणि रोजनाम्यात काय असते? ‘नोटीस बजावून आली नाही.’ ‘सामनेवाल्यातर्फे वकीलपत्र दाखल, म्हणणे देण्यास मुदत.’ ‘मुदतअर्ज मंजूर.’ ‘न्यायाधीश रजेवर.’ ‘समुपदेशनासाठी.’ यातली कुठलीही नोंद एकटी वाचली तर वावगी वाटत नाही. पण दोन नोंदींच्या मधल्या महिन्यांत ती भावाच्या घरी आश्रिताचे जिणे जगते, मुलाचा शाळेचा दाखला सासरी अडकलेला असतो आणि प्रत्येक तारखेला तिची रोजंदारी बुडते. समुपदेशनात ‘संसार सांभाळून घ्या’ हे वाक्य तिलाच ऐकवले जाते. तिथे थकून दिलेल्या संमतीला तडजोड म्हणणे मला मान्य नाही.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातले एक प्रकरण बघा. ते या कायद्याखालचे नव्हते, पोटगीचे होते, पण दुखणे तेच. पत्नीने अंतरिम पोटगीसाठी २०१३ मध्ये अर्ज केला. दरमहा पंधरा हजारांचा आदेश २०१५ मध्ये झाला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२०मध्ये निकाल देताना न्यायालयालाच नोंदवावे लागले की अंतरिम पोटगीचा प्रश्न सात वर्षे लोंबकळत राहिला. दोन्ही पक्षांनी मालमत्तेची शपथपत्रे द्यावीत, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, हे देशभरासाठीचे दंडक त्यातूनच आले.

संरक्षण अधिकारी हा या यंत्रणेचा कणा, आणि नेमके तेच पद अनेक ठिकाणी दुसऱ्या कामाच्या जोडीला दिलेले. जिल्हा व तालुका पातळीवर हे अधिकारी नेमा, असे २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. कायदा लागू होऊन तेव्हा अठरा वर्षे उलटली होती. मुंबई पोलिसांत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष दाखवून देतो, की प्रशिक्षित माणूस बाईच्या शेजारी बसवणे आपल्याकडे अशक्य नव्हते.

लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेने २००७ पासून काही वर्षे देशभरातले आदेश गोळा करून या कायद्याच्या अंमलबजावणीचे अहवाल काढले. हे काम आता उच्च न्यायालयांनी स्वतः अंगावर घ्यायला हवे. ई-कोर्ट्समुळे तारखा हाताशी आहेत. मात्र निकाली निघालेल्या अर्जांची संख्या मोजून भागणार नाही, कारण कंटाळून मागे घेतलेला अर्जही ‘निकाली’च धरला जातो. शिवाय आदेश झाला तरी पैसे न आल्यास वसुलीचा अर्ज वेगळा, त्याच्या तारखा वेगळ्या, वॉरंट वेगळे. अर्जापासून पहिल्या अंतरिम आदेशापर्यंत आणि आदेशापासून पहिली रक्कम तिच्या खात्यात जमा होईपर्यंत किती दिवस गेले, हे दोन आकडे प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी प्रसिद्ध करावेत.