आधारला नंबर कोणाचा?

आज आपण फोनबद्दल बोलणार आहोत. सुरुवात मात्र जरा लांबून करतो, थेट जपानहून.

जपानी लोक मोबाइलला ‘केइताई’ म्हणतात. म्हणजे सोबत बाळगायची वस्तू. तिथं १९९९ सालीच साध्या फोनवर ईमेल आणि बँकेचे व्यवहार सुरू झाले. त्याआधी पेजर होते. त्यावर नुसते आकडे जायचे, तर शाळकरी मुलींनी आकड्यांचीच भाषा केली. ०८४० पाठवलं की वाचायचं ‘ओहायो’, म्हणजे शुभ सकाळ. आपल्या मिस्ड कॉलचीच बहीण म्हणा ना! पैसा न खर्चता निरोप पोचतो.

पण तिथं फोन ज्याचा त्याचा. आपल्याकडं फोन घराचा. दिवसा पोराच्या हातात, संध्याकाळी धन्याच्या खिशात, चार्जिंगला लावायचा तेवढा आपल्याकडं. माणूस कामाला पुण्याला गेला की फोनही गेला. एक वस्तू चौघांनी वापरली, यात वाईट काही नाही. मात्र ओटीपीची सगळी व्यवस्था असं धरून चालते, की प्रत्येकीजवळ तिचा स्वतःचा फोन आहे. घोडं अडतं ते इथं.

लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली, महिन्याला १५०० रुपये. २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची केली. त्यात बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, आणि पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागतो. बैठकीत ‘तुमच्या आधारला नंबर कोणाचा?’ असं विचारलं की बायका एकमेकींच्या तोंडाकडं पाहतात. कोणाचा दिराचा, कोणाचा कधीच बंद पडलेल्या सिमचा.

एक गोष्ट नीट समजून घ्या. नंबर दोन ठिकाणी नोंदलेला असतो, आधारकडं वेगळा आणि बँकेत वेगळा. आधारचा ओटीपी आधारमधल्या नंबरवर जातो. खात्यात पैसे आल्याचा, निघाल्याचा मेसेज बँकेतल्या नंबरवर जातो. एकीकडं बदलला म्हणून दुसरीकडं आपोआप बदलत नाही. पुष्कळ बायांचा हेलपाटा यातच होतो. आधारमधला नंबर बदलायला आधार केंद्रावर स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्या, पावती मागून घ्या. बँकेतला नंबर बदलायला पासबुक घेऊन शाखेत जा. आधारबद्दल शंका असेल तर १९४७ वर फोन लावा.

दुसरं, सिम पडून राहू देऊ नका. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो, आणि पुढं तोच नंबर परक्या माणसाला मिळतो. मग तुमचा ओटीपी त्याच्या फोनवर! सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये घातलं तरी चालतं, ओटीपी त्यावरही येतो. भारी फोनची वाट पाहत बसू नका.

नंबर आपला झाला की फसवणारेही आपल्यालाच फोन करणार. ‘हप्ता अडकलाय, ओटीपी सांगा’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. तरी गेलेच पैसे, तर रडत बसायच्या आधी १९३० लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.

घरात ‘तुला कशाला हवा वेगळा नंबर?’ असं विचारलं जाईल. आमच्या मते याचं उत्तर एकटीनं देण्यापेक्षा गटानं दिलेलं बरं. गटाच्या वहीत बचतीच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखा: आधारला नंबर कोणाचा, बँकेत कोणाचा. वेचणीचे दिवस यायच्या आत ज्यांचे नंबर बदलायचे आहेत त्या चौघी-पाचजणी मिळून तालुक्याला जा. गाडीभाडं वाटून घेता येतं, आणि सोबत पाहून घरचेही फार अडवत नाहीत.