पक्षाघातानंतरची बोधनिक कौशल्ये आणि दैनंदिन स्वावलंबन

भिवंडी तालुक्यातील अकलोली हे तानसा नदीकाठचे गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध आहे. सांधेदुखी व त्वचाविकार यांवर या पाण्याने गुण येतो अशी श्रद्धा असून लुळ्या पडलेल्या अंगासाठीही तीच आशा धरली जाते. उष्णतेने ताठरलेल्या स्नायूंना काही काळ आराम वाटतो, हे खरे. मात्र बाधित अंगाची संवेदना गेली असल्यास भाजल्याचेही कळत नाही. मुळात पक्षाघात हा हातापायाचा नव्हे, मेंदूचा आजार आहे. रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने हालचालींबरोबरच अवधान, स्मृती व नियोजन यांनाही बाधा पोहोचू शकते.

कुंडावर एकट्याने स्नानास जाणे ही साधी कृती पाहावी. योग्य एसटी ओळखणे, सुटे पैसे मोजणे, ओल्या पायऱ्यांवर भान ठेवणे, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणे, यांपैकी एकही काम केवळ पायांच्या बळावर होत नाही. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बार्थेल निर्देशांकात खाणे, कपडे घालणे, चालणे अशा दहा बाबी आहेत. त्यात शंभर गुण मिळवणारा रुग्णही औषधे व पैशाचे व्यवहार सांभाळू शकेलच असे नाही. ही उणीव लॉटन व ब्रॉडी यांच्या १९६९ च्या मापनश्रेणीने बऱ्याच अंशी भरून काढली.

मेंदूच्या उजव्या भागास इजा झाल्यास काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातील डावी बाजू, म्हणजे चटणी, कोशिंबीर, लिंबू, तशीच राहते आणि घरच्यांना वाटते, अन्नावरची वासना उडाली.

गडचिरोलीच्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात ‘सर्च’ संस्थेने केलेल्या अभ्यासात १,५९९ पैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले. ग्रामीण भागात या आजारातून वाचलेल्यांचे मूल्यमापन करताना शाळेत न गेलेल्या व्यक्तीस घड्याळाचे चित्र काढावयास सांगणे फारसे उपयोगाचे नाही. तिला चहा करावयास सांगावा, बाजारातील हिशेब विचारावा. कोणती पायरी चुकते ते कळले की मदत तेवढ्याच पायरीला देता येते. पाण्याचा तांब्या व कप्प्यांची गोळ्यांची डबी ठरलेल्या जागी ठेवावी, एका वेळी एकच काम सांगावे. चहात साखर घालावयाची राहिली, तर कप हातातून न घेता साखरेचा डबा पुढे सरकवावा.