मामूंच्या रॉडला दहा कड्या

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अम्मीला घेऊन मी केपटाउनला गेले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुस्लिम घरांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माणसं तिकडे जात राहिली. अम्मीच्या चुलत्यांचं घर त्यांपैकीच एक. तिचे चुलतभाऊ, म्हणजे आमचे मामू, तिथंच जन्मले आणि दुकानाच्या गल्ल्यावर त्यांचं आयुष्य गेलं. वय एकाहत्तर. त्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची पकड गेली ती गेलीच.

आम्ही पोचलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक लांब डबा उघडा पडलेला, आत कापसावर बारीक बारीक तारेच्या कड्या. मला वाटलं, कुणाचं दागिन्यांचं काम चाललंय. मामी वैतागून म्हणाल्या, "दागिने कसले? यांच्या गळाचा संसार आहे तो. दोन महिने झाले, मला टेबल मिळालेलं नाही."

मामूंना चाळीस वर्षांपासून फ्लाय फिशिंगचा शौक. आपल्या खाडीवर गळ टाकतात त्यापेक्षा हे काम वेगळं. आपल्या गळाला शिसं असतं. शिसं जड, ते पुढे जातं आणि दोराला ओढून नेतं. फ्लाय म्हणजे हुकावर पिसं आणि दोरा बांधून केलेली नकली माशी. तिला वजनच नाही, ती फेकणार कशी? म्हणून वजन दोरातच घालतात. जाड, गुळगुळीत दोर हवेत मागे-पुढे झुलवायचा आणि शेवटी सोडायचा. त्याच्या टोकाची माशी अलगद पाण्यावर टेकते. या दोरांना नंबर असतात. मामूंचा तीन नंबरचा. त्याच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १०० ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा वजनावर सगळा खेळ.

हा दोर रॉडच्या पोटाखाली बसवलेल्या कड्यांमधून धावतो. इंग्रजीत त्यांना गाइड म्हणतात. एका झुलीत दोर त्यांतून सुटतो, धरला जातो, परत ओढला जातो. कडी जड झाली तर रॉड आळसावतो, खडबडीत असली तर दोर घासतो, जागा चुकली तर दोर रॉडवर आपटत राहतो. मामूंचा जुना रॉड त्यांनीच वीस वर्षांपूर्वी बांधलेला, जाड तारेच्या कड्या आणि वर रोगणाचे थर. उजव्या हाताला त्याचं काही वाटत नव्हतं. आता डाव्या हातानं दहा वेळा झुलवला की खांदा भरून यायचा. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं की डाव्या हातानं फेकायला हरकत नाही, उजव्या बोटांनी दोर ओढत राहिलात तर उलट चांगलंच. मामूंनी तेवढं वाक्य पकडून साडेआठ फुटांचा नवा ब्लँक मागवला. ब्लँक म्हणजे कार्बनच्या तंतूंची पोकळ, निमुळती नळी. तिच्यावर मूठ, रीळ धरणारी बैठक आणि कड्या आपण बसवायच्या. मूठ आणि बैठक मामेभावानं बसवून दिली होती. कड्या बांधायला मात्र दोन्ही हातांची बोटं लागतात. मामूंनी माझ्याकडे बघून विचारलं, "बेटा, तू शिवणकाम करतेस ना?"

पण बांधण्याआधी निवडायच्या होत्या, आणि खरी भांडणं तिथंच झाली.

मामेभावाला सोनेरी टायटॅनियमच्या कड्या हव्या होत्या. दिसायला सुंदर, गंजत नाहीत. मामू म्हणाले, "समुद्रावर जाणार असतो तर घेतल्या असत्या. डोंगरातल्या गोड्या पाण्याला क्रोमचा मुलामा दिलेलं स्टील पुष्कळ झालं." वजन आणि पैसे कुठे खर्चायचे याचा त्यांचा हिशोब पक्का होता. मुठीजवळचं वजन हाताला जाणवत नाही. तेच वजन टोकाला गेलं की रॉड पुढून ओढल्यासारखा वाटतो आणि वाकून सरळ व्हायला वेळ लावतो. लांब दांड्याचा झाडू वरच्या टोकाला धरून आडवा उचलून बघा, लगेच कळेल.

म्हणून खालची पहिली कडी त्यांनी मोठी घेतली. तिला स्ट्रिपिंग गाइड म्हणतात. दोर ओढणारा हात तिच्या मागेच असतो, त्यामुळे दोर तिच्यात तिरका शिरतो आणि सगळ्यात जास्त घासतो तो इथंच. म्हणून तिच्यात सिरॅमिकची गुळगुळीत रिंग बसवलेली असते. तीन नंबरच्या दोराला दहा मिलिमीटरची पुरते, मामूंनी बाराची घेतली. उजव्या हातात जोर नाही, तेव्हा दोर ओढताना जितकं कमी घासेल तितकं बरं. शिवाय ब्लँक बनवणाऱ्याच्या तक्त्यात दाखवलेल्या जागेपेक्षा दोन इंच मुठीकडे सरकवली, कारण त्यांचा हात तिथपर्यंतच पोचत होता.

वरच्या कड्यांचे दोन प्रकार आमच्यासमोर होते. एक स्नेक गाइड, सापासारखी वळलेली तार, दोन्ही टोकांना पाय. दुसरी एकपायी. स्नेक मजबूत, पण तिचे दोन पाय दोन ठिकाणी दोऱ्यानं बांधावे लागतात आणि दोन्हीकडे रोगण चढतं. आठ कड्या म्हणजे सोळा बंध. एकपायीला आठच. कडीच्या वजनापेक्षा दोरा आणि रोगणाचंच वजन वाढतं, हे मला तेव्हा कळलं. एकपायीत धोका एवढाच, की धक्का बसला तर पाय बंधातून निसटू शकतो. त्यासाठी कडीच्या पुढच्या बाजूनंही दोऱ्याचे चार-पाच वेढे द्यायचे. मामू एक संध्याकाळभर दोन्ही तळहातावर घेऊन बसले. शेवटी एकपायीवर आले.

मापांचा घोळ वेगळाच. स्नेक आणि एकपायी तारेच्या कड्यांत १/० ही १ पेक्षा लहान. पण माशाच्या हुकांत १/० हा १ पेक्षा मोठा! एकाच छंदात एकच आकडा दोन उलट अर्थांनी. माझ्या वर्गातल्या पोरांना हे सांगितलं तर ती गणिताचा तास बंद करायला लावतील.

कड्या किती लावायच्या याचा जुना ठोकताळा सोपा आहे, रॉड जितके फूट त्यात एक मिळवायचा, टोकाची कडी वेगळी. साडेआठ फुटांना नऊ किंवा दहा. मामूंनी नऊ धरल्या, टोकाची धरून दहा. कमी लावल्या तर दोर मध्ये झोळ खातो, जास्त लावल्या तर पुन्हा वजन. टोकाकडे त्या जवळजवळ असतात, मुठीकडे अंतर वाढत जातं, कारण टोक जास्त वाकतं.

तक्त्यावर मामूंनी डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. कड्या आधी रबराच्या बारीक रिंगांनी तात्पुरत्या अडकवल्या, दोर ओवला, टोक पाण्याच्या बाटलीला बांधलं आणि मामेभावाला रॉड उचलायला लावला. रॉड कमानीसारखा वाकला. दोरानं त्या कमानीच्या आतून तिच्या बरोबरीनं वळत जायला हवं. चौथ्या आणि पाचव्या कडीच्या मध्ये तो धनुष्याच्या दोरीसारखा सरळ ताणला गेला आणि पाचवीत काटकोनाकडे झुकला. पाचवी पाऊण इंच खाली सरकवली, मग सहावीही थोडी. अर्धा तास हेच चाललं होतं. अम्मी सोफ्यावरून म्हणाली, "भाई, माशाला हे सगळं दिसणार आहे का?"

मामूंनी तिला जुन्या काळचं सांगितलं. पूर्वीच्या रॉडना लोंबत्या रिंगा असायच्या, त्या आडव्या पडून दोर अडवायच्या. पक्क्या तारेच्या कड्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळल्या. तेव्हा रॉड बांबूच्या चिपा चिकटवून करत, आणि अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कारागिरांचा बांबू आपल्याकडून जायचा, कलकत्त्याच्या बंदरातून, म्हणून त्याला कलकत्ता केन म्हणत. पुढे चीनच्या ग्वांगडाँगमधला टोन्किन बांबू आला आणि आपला मागे पडला. हे ऐकून अम्मीला उगाच राग आला.

मग माझं काम सुरू झालं. नायलॉनचा बारीक दोरा ब्लँकवर ताणून गुंडाळत यायचं, कडीच्या पायावर चढायचं आणि शेवटच्या वेढ्यांखालून टोक ओढून घ्यायचं, गाठ मारायची नाही. पाय आधी कानशीनं घासून टोकाला सुरीच्या धारेसारखा पातळ करावा लागतो, म्हणजे दोरा पायरी न जाणवता चढतो. पहिल्या रात्री मी चार बांधल्या आणि स्वतःवर खूश होऊन झोपले. सकाळी मामूंनी चष्मा लावून, रॉड डोळ्याला लावून टोकापासून मुठीपर्यंत पाहिलं. तिसरी डावीकडे झुकलेली. ती अंगठ्यानं सरळ झाली, कारण रोगण लावेपर्यंत एवढी मोकळीक असते. चौथीच्या पायाशी मात्र दोऱ्यात फट होती. घासायचा कंटाळा केला होता मी. मामूंनी काही न बोलता ब्लेड पुढे सरकवलं. चौथी दोनदा बांधली.

टोकाच्या कडीची नळी ब्लँकच्या टोकाच्या मापाची हवी, तिचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. ती तापवून वितळणाऱ्या गोंदानं बसवतात, म्हणजे मोडली तर गरम करून काढता येते.

रोगण दोन भाग मिसळून करायचं इपॉक्सी. लावल्यावर रॉड काही तास सतत फिरता ठेवावा लागतो, नाहीतर ते एका बाजूला ओघळून घट्ट होतं. मामूंकडे त्यासाठी अंगणात कोंबडी भाजायच्या सळईची मोटर होती. त्या रात्री टेबलावर रॉड गोल गोल फिरत होता आणि आम्ही सगळे जमिनीवर दस्तरखान टाकून जेवलो.

परतायच्या तीन दिवस आधी रॉसनव्हिलजवळच्या स्माल्ब्लार नदीवर गेलो. वाटेत डोंगर पोखरून काढलेला ह्युगेनो बोगदा लागतो, जवळजवळ चार किलोमीटरचा. पाणी काचेसारखं, तळाचे गोटे दिसत होते. मामूंनी रॉड डाव्या हातात घेतला. पहिले काही फेके झुडपात गेले. मग एकदा दोर सुटला आणि मी कान देऊन ऐकत होते, कड्यांचा खरखर आवाज नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं दोर धरून खाली ओढत होती. थरथरत, पण ओढत होती. तासाभरानं वीतभर ट्राउट लागला. मामूंनी तो पाण्यातच ठेवून हुक काढला आणि सोडून दिला, तिथला नियमच तसा आहे.

"सोडायचा होता तर पकडला कशाला?" अम्मीनं विचारलं. मामू हसले, उत्तर दिलं नाही. तिचा प्रश्न मला अजून पटतो.

परवा त्यांचा आवाजी निरोप आला. आता बारा वेळा फेकला तरी खांदा दुखत नाही म्हणाले. आणि चौथ्या कडीच्या पायाशी रोगणाला केसाएवढी भेग गेली आहे, मामेभावाला हात लावू दिलेला नाही, पुढच्या सुट्टीत येऊन तूच ती काढ आणि पुन्हा बांध.